पाला, बी नव्हे

मी गाव सोडले त्या सकाळी आमच्या दाराशी बैलगाडी उभी होती आणि तिच्याभोवती एकही माणूस नव्हता. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे लहानसे गाव. तिथे कोणी चार दिवसांसाठी धुळ्याला निघाले तरी अर्धी आळी गाडीमागे चालत येते. कोणी चटणी बांधून देते, कोणी नुसतेच ओरडते, "येतांना शेव लई ये रे!" मी तर मुंबईला नोकरीवर निघालो होतो. गावातला पहिला मॅट्रिक पास झालेला मुलगा मीच. तरी समोरच्या भागाबाईने आपल्या नातीला, यमुनेला, दंडाला धरून आत ओढले आणि दार लावून घेतले. कडी घातल्याचा आवाज मला गाडीत ऐकू आला.

अक्का, माझी थोरली बहीण, गाडीपर्यंत आली नाही. परसातल्या सीताफळीपाशी उभी राहिली. ज्येष्ठ लागला होता. झाडाला नवी पालवी दाट फुटली होती. तिने भाकरीचे गाठोडे कुंपणावरून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "तठे जपी ऱ्हायजो, भाऊ." एवढेच. मी शिरपूरला मोटार धरली, धुळ्याहून गाडी, चाळीसगावला गाडी बदलली. ते गाठोडे मुंबई येईपर्यंत मी उघडले नाही. खाताना अक्काचा चेहरा समोर येईल ही भीती होती.

गावात राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे गावातून निघून आलेल्यांनो, हे मी तुम्हा दोघांसाठी लिहीत आहे. अक्का गेली. तुमच्यापैकी पुष्कळांना ते माहीत आहे, कारण ती गेली तेव्हा तुम्ही चार घरांपलीकडे बसला होतात.

आमची आई लवकर गेली. अक्का पंधराव्या वर्षी विधवा होऊन परत आली आणि तिने मला वाढवले. आईकडून तिला दोन गोष्टी मिळाल्या होत्या. एक घराची चूल, दुसरी त्या झाडाच्या पाल्याची विद्या. विद्या हा शब्द मी आज वापरतो. तेव्हा मला तो त्या कामासाठी सुचला नसता.

आमच्याकडच्या टेकड्यांवर सीताफळी आपोआप उगवतात. शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत. फळे सगळे खातात, पाल्याकडे कोणी बघत नाही. अक्का बघे. बैलाच्या खांद्याला जू लागून जखम चिघळली, तिच्यात अळ्या पडल्या, की ती पाला ठेचून जखमेत दाबून भरी आणि वरून फडके बांधी. दुसऱ्या दिवशी अळ्या मरून बाहेर पडलेल्या असत. गळवाला पाला आणि मीठ वाटून त्याचा लेप. उन्हात काम करताना कोणी बाई घेरी येऊन पडली, तर दोन पाने तळहातावर चोळून नाकाशी धरायची. तो वास असा उग्र की माणूस डोळे उघडून आधी तोंड वाकडे करी. आणि मुलींच्या डोक्यात उवा झाल्या तर पाला पाण्यात वाटून केसांना लावायचा. कपाळावर घट्ट पट्टी बांधायची, म्हणजे थेंब डोळ्याकडे येत नाही. मग रिठ्याने धुवायचे. धुताना मुलीची मान मागे टाकायची, पुढे कधीच नाही. एवढे सगळे ती करी आणि कोणाकडून सुपारीचे खांडसुद्धा घेत नसे.

या कामाला एक नियम होता. झाडाचे नाव घ्यायचे नाही. रोग्यासमोर पाला वाटायचा नाही. परसात एक वेगळा दगड होता, त्यावर ती पाला वाटत असे. कोणी विचारलेच तर हसून म्हणे, "नाव सांगं की गुण जास." आईने तिला तसे शिकवले होते, आईला तिच्या आईने. मी लहान असल्यापासून त्या दगडावर तिला पाला ठेचून देत आलो होतो. मला कळत होते सगळे. नाव मात्र आम्ही दोघांनीही कधी तोंडातून काढले नाही.

आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, या पाल्यात रस नव्हता. त्यांना मी शिकायला हवा होतो. पारावर मोठी माणसे बोलत आणि आबा कडेला उभे राहत. घरी येऊन म्हणत, "आपला घरमा एक तरी पारवर बोलनारा पाहिजे." त्यासाठी त्यांनी मला धुळ्याच्या शाळेत ठेवले. मी मॅट्रिक झालो ते बघायला ते राहिले नाहीत. बरेच झाले, असे म्हणण्याची पाळी माझ्यावर आली, ती अशी.

फाल्गुन महिना होता. अक्का धरणगावला आमच्या चुलत बहिणीच्या लग्नाला गेली होती. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. शाळा सुटल्यापासून नोकरीची वाट पाहणे आणि पुस्तक वाचणे याखेरीज मी काही करत नव्हतो. भागाबाई आली. यमुना तेव्हा सात वर्षांची होती. तिच्या डोक्यात उवा झाल्या होत्या आणि पोर रात्रंदिवस खाजवत होती. अक्काने मागे दिवाळीला तिच्या केसांना पाला लावला होता. भागाबाईला नाव सांगितले नव्हते, पण नाक तर तिलाही होते. वासावरून झाड कोणते ते ओळखायला आमच्या गावात शाळेत जावे लागत नाही.

"अक्का कव्हय येई रे?"

"चार दिवसांनी."

ती कुंपणाशी गेली, झाडाकडे बघून परत आली. "पाला तं बठ्ठा झडी गया. आते काय करू?"

फाल्गुनात सीताफळी उघडी असते, नुसत्या काड्या. मी पुस्तकातून मान वर केली नाही. म्हणालो, "थांबा ना चार दिवस."

ती थांबली नाही. दिवाळीत खाल्लेल्या सीताफळांच्या बिया तिच्या घरी डब्यात पडल्या होत्या. झाड तेच, मग पाला काय आणि बी काय, असे तिला वाटले. झाडाचे नाव न घेण्याच्या नियमातून हीच एक चूक होऊ शकत होती, आणि ती झाली. तिने बिया वाटल्या, यमुनेच्या केसांना थापल्या, पट्टी बांधली नाही, आणि पोरीची मान पुढे वाकवून डोके धुतले. ते पाणी डोळ्यांत उतरले.

अक्का आली तेव्हा यमुनेचे दोन्ही डोळे सुजून बंद झाले होते. अक्का तशीच प्रवासाच्या लुगड्यात धावली. घटकेघटकेला गार पाणी सोडून डोळे धुतले. उजवा वाचला. डाव्यात फूल पडले, पांढरे, वाटाण्याएवढे.

आठ दिवसांनी पारावर माणसे जमली. अक्काला बोलावणे आले. पाटील नाना मध्ये बसले होते. भागाबाई छाती पिटत म्हणाली, "ह्याच बाईनी मनी पोरना डोया घेया!"

नानांनी विचारले, "अक्का, काय ऱ्हास तुना औषधमा? सांगी टाक."

"मी सांगाव नही, नाना. पन मना औषधनी डोया जात नही."

मागून कोणीतरी ओरडले, "नाव घेवाले लाजस काय? ते काय नवरानं नाव शे?"

सगळे हसले. पंधराव्या वर्षी नवरा गेलेल्या बाईला हे विचारले गेले आणि अख्खा पार हसला. तुमच्यातले बरेच जण तिथे होते. कोण ओरडले ते मला माहीत आहे. मी नाव लिहीत नाही. त्याच्या नातवंडांना ते वाचायला लागू नये म्हणून.

अक्का सांगू शकत होती की मी पाला वापरते, बी वापरत नाही. दोन शब्दांचे काम होते. पण ते सांगितले असते तर तिच्या समजुतीप्रमाणे तिच्या हातचा गुण गेला असता, आणि मग पावसाळ्यात ज्यांच्या गुरांना अळ्या पडतील त्यांचे काय, हा तिचा प्रश्न होता. जी माणसे तिला हसत होती, त्यांच्याच गुरांसाठी ती गप्प राहिली.

तिने माझ्याकडे पाहिले. मी नियमाने बांधलेला नव्हतो. औषध देणारी ती होती, मी नव्हे. नानाही माझ्याकडे वळले. "तू तं शिकेल शे. बहीण काय वाटस ते तुले माहीत व्हईच. सांग."

मी म्हणालो, "मला त्यातलं काही माहीत नाही, नाना."

धुळ्याच्या शाळेतल्या स्वच्छ भाषेत म्हणालो. का म्हणालो? मुंबईच्या छापखान्यातून नोकरीचे पत्र नुकतेच आले होते. मॅट्रिक झालेला माणूस परसात बसून पाला ठेचतो हे चारचौघांत कबूल करण्याची मला लाज वाटली. दुसरे काही कारण नव्हते. आबांनी मला ज्या एका वाक्यासाठी शिकवले, ते वाक्य बोलण्याची वेळ आली तेव्हा मी ते गिळले.

घरी येताना मी तिच्या मागे चालत होतो. दाराशी ती थांबली. म्हणाली, "बरोबरच बोलना तू. मी तुले कधी नाव सांगं नही." माझ्या खोट्यावर पांघरूण घालण्यासाठी तिने ते वाक्य शोधून काढले होते. आजही ते मला शिवीपेक्षा जास्त लागते.

पाराने ठरवले की अक्काच्या हातचे पाणी कोणी प्यायचे नाही, तिने सगळ्यांचे भरून झाल्यावर पाणवठ्यावर यायचे, आणि तिचे औषध कोणी घ्यायचे नाही. दोन महिन्यांनी मी गाडीत बसलो.

मुंबईत मी गिरगावात खोली घेतली. छापखान्यात मुद्रिते तपासू लागलो. दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरात कुठे काना सुटला, कुठे मात्रा चढली, ते बघणे हे माझे काम. माझ्या स्वभावाला ते जमले. बोलावे लागत नाही. चाळीत कोणाला उवा झाल्या की कोपऱ्यावरच्या दुकानातून बाटली येते, तिच्यावर चिठ्ठी असते, चिठ्ठीवर औषधाचे नाव ठळक छापलेले असते. आणि त्या औषधाचा गुण नाव छापल्याने गेलेला मी पाहिला नाही. अशा चिठ्ठ्या मी स्वतः तपासल्या आहेत.

अक्काची पत्रे गावचे मास्तर लिहून देत. गाय व्याली, ओट्याचा दगड निखळला, मुंबईच्या पाण्याने केस गळतात का. तक्रारीची एक ओळ नाही. मी तिला इकडे चल म्हणून लिहिले. उत्तर आले की पावसाळ्यात येता येणार नाही. पुढच्या वर्षीही तेच उत्तर आले. पावसाळ्यात तिला काय काम होते ते मला पुढे मास्तरांकडून कळले. गुरांच्या जखमांत अळ्या पडल्या की तुम्ही बैल घेऊन तिच्या परसामागच्या नाल्यात येत होता. दारातून नाही, नाल्यातून. ती कुंपण ओलांडून खाली उतरे, पाला भरी, फडके बांधी. तुमच्यापैकी कोणी तिला पाणी विचारत नसे, कारण पाराचा ठराव होता. तिच्या हातचे पाणी तुम्हाला चालत नव्हते आणि त्याच हाताने बांधलेले फडके तुमच्या बैलाला चालत होते. वर्षानुवर्षे! एका माणसालाही हे पारावर बोलावेसे वाटले नाही. मलाही हे कळल्यावर पहिल्या गाडीने यावेसे वाटले नाही, हेही लिहून ठेवतो.

गेल्या भाद्रपदात तिला ताप आला आणि सहाव्या दिवशी ती गेली. धरणगावच्या चुलतभावाचे कार्ड मला ती गेल्यानंतर चौथ्या दिवशी मिळाले. मी पोहोचलो तेव्हा दहावा दिवस होता. तिला उचलायला शिरपूरहून चार माणसे आणावी लागली, हे चुलतभावाने मान खाली घालून सांगितले. पाटील नाना भेटायला आले. आता थकले आहेत. अंगणात त्यांची गाडी उभी होती. डाव्या बैलाच्या खांद्यावर जखमेची जागा मी पाहिली. कडेने नवी, गुलाबी कातडी धरली होती. ती जखम अक्काने ताप चढण्याच्या आदल्या दिवशी बांधली होती.

नाना म्हणाले, "चांगली बाई व्हती."

मी त्यांना बसा म्हणालो नाही. आयुष्यात वडील माणसाचा एवढाच अपमान मी केला.

संध्याकाळी परसात गेलो तर सीताफळीखाली यमुना उभी होती. आता ती मोठी झाली आहे. डाव्या डोळ्यामुळे तिचे लग्न जमलेले नाही. पदर त्या बाजूला ओढून घेण्याची तिला सवय झाली आहे. भागाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. यमुनेने मला सांगितले की ती अक्काकडे येत असे, समोरच्या दारातून, भरदिवसा. आजी मारत असे तरी येत असे.

मी म्हणालो, "तुझा अक्कावर राग नव्हता?"

तिने माझ्याकडे नीट वळून, उजव्या डोळ्याने पाहिले. "काबर राग? आजीनी बी वाटी. मी देखं. तव्हय माले दोन्ही डोया व्हतात."

"मग तू सांगितलं का नाहीस कोणाला?"

"काका, माले कोनी विचारंच नही." मग म्हणाली, "तुमले तं विचारं व्हतं."

ती हे रागाने म्हणाली नाही. झाडाला टेकून, जसे पाऊस यंदा कमी झाला म्हणतात तसे म्हणाली. मी दुसऱ्या दिवशी निघालो. या वेळी तिच्या घराची कडी वाजली नाही. ती दारात उभी होती.

मुंबईला परत आल्यावर पंधरा दिवसांत माझ्या टेबलावर एका पुस्तकाचे मुद्रित आले. घरगुती औषधांचे पुस्तक. लेखक शहरातले शिकलेले वैद्य. प्रस्तावनेत खेड्यातल्या बायकांची थट्टा होती. नाव सांगितले तर गुण जातो असे मानणाऱ्या या अडाणी बाया, वगैरे. सात-आठ पानांनंतर उवांवर उपाय होता: सीताफळाची पाने अथवा बिया वाटून केसांस लावाव्यात. डोळ्यांचा उल्लेख नाही. पट्टीचा नाही. मान मागे टाकण्याचा नाही.

भागाबाईला निदान लिहिता येत नव्हते.

मी 'अथवा बिया' हे शब्द खोडले आणि समासात कारण लिहिले. मॅनेजरांनी बोलावले. "अहो, तुम्ही काने-मात्रे बघा. उवा त्यांना मारू द्या." मी वैद्यांना भेटायची परवानगी मागितली. ते आले तेव्हा मी उभा राहून सांगितले की बियांनी डोळा जातो, मी पाहिला आहे. ते हसले. "पाने काय, बिया काय, झाड एकच ना? तुम्ही कुठले?"

"खानदेशातला."

"तरीच."

माझा आवाज चढला. इतक्या वर्षांत त्या खोलीत माझा आवाज कोणी ऐकला नव्हता. कंपोझिटर अक्षरांचे खिळे हातात धरून बघत राहिले. मी काय बोललो ते सगळे आठवत नाही. यमुनेचे नाव घेतले एवढे आठवते. पुस्तक माझ्याकडून काढून दुसऱ्याला दिले गेले. ते तसेच छापले. शुद्धिपत्राची एक चिठ्ठी तरी चिकटवा म्हटले, तीही नाही. सध्या सगळीकडे स्वराज्य येणार अशी बोलणी चालली आहेत. येवो. पण छापलेले खरे आणि परसातले खोटे, ही समजूत साहेबाबरोबर बोटीत बसून जाणार नाही. शिकलेला अडाण्याला हसणार, आणि पार अक्काला हसणार, आणि दोन्हीकडे डोळा मात्र यमुनेचा जाणार.

म्हणून हे मी वाया गेलेल्या मुद्रितांच्या कोऱ्या पाठीवर लिहीत आहे. अक्का, तुझा नियम मी मोडतो. गुण जायचा असेल तर माझ्या हातचा जावो. माझ्या हाताला तो कधी नव्हताच.

मास्तर, हे पारावर मोठ्याने वाचा. पाटील नाना बसलेले असताना वाचा, आणि आधी समोरच्या घरातून यमुनेला बोलावून पुढे बसवा.

झाड सीताफळीचे. औषध पाल्याचे. गुरांच्या जखमेत अळ्या पडल्या तर ताजा पाला ठेचून भरावा आणि बांधावा. उवांसाठी पाला पाण्यात वाटावा, कपाळावर घट्ट पट्टी बांधावी, मान मागे टाकून धुवावे, डोळ्यांत थेंब जाऊ देऊ नये. गेलाच तर लगेच पुष्कळ गार पाण्याने धुवावे. बी कधीही वाटू नये. झाडाला पाला नसेल तर थांबावे. फाल्गुनात थांबावे. अक्का असेच करत असे. तिने कोणाचा डोळा घेतला नाही. तिचा भाऊ तिला पाला ठेचून देत असे, त्याला हे सगळे माहीत होते, आणि विचारले तेव्हा तो खोटे बोलला.

मुंबईत लोक मला विचारतात, तुमचे घर कुठे. मी इतकी वर्षे गिरगाव सांगत आलो. ते खरे नाही. गिरगावात मी राहतो. माझे घर त्या पाराच्या समोर आहे, जिथे मला एक प्रश्न विचारला होता.